तो पाहुणा आहे

आशा गमरेच्या घरी जर्मन मुलगी राहायला आली ते साल सत्त्याण्णव. तेव्हा आशा चोवीस वर्षांची होती. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं, नवघरच्या गावठाणात पंढरीनाथ म्हात्रेंच्या चाळीत दोन खोल्या, नवरा उदय स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर, घरात सासू केसरबाई. आशा सकाळी बालवाडीत शिकवायची. सगळी चाळ तिला आशा टीचर म्हणायची. बी.ए. झालेली, मोडकंतोडकं का होईना पण इंग्रजी बोलणारी बाई त्या चाळीत ती एकटीच.

त्या इंग्रजीमुळेच कातरिन तिच्या पदरात पडली. बायकांना नगरपरिषदेत राखीव जागा मिळाल्या होत्या, त्यांचं पुढे काय झालं याचा अभ्यास करायला ती जर्मनीहून आली होती. तिला दुभाषी हवी होती आणि राहायला जागा हवी होती. आशाने दोन्ही दिलं. एवढी गोरी मुलगी खाटेवर पाय दुमडून झोपते, विहिरीवर कपडे धुते हे बघायला पहिले चार दिवस अख्खं गावठाण येऊन गेलं. म्हात्रेकाका दारात उभे राहून विचारायचे, "ही पोर सुकी मच्छी खाते का न्हाय?" कातरिन आतून ओरडायची, "खाते, खाते!"

केसरबाईंनी तिला भाकरी थापायला आणि मराठी बोलायला शिकवलं. ती त्यांना 'आई' म्हणायला लागली, आणि एकुलत्या एक मुलाची आई असलेल्या केसरबाईंना उतारवयात लेक मिळाल्यासारखं झालं.

दोघी गावभर फिरल्या. एका नगरसेविकेच्या घरी कातरिनने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाईंच्या नवऱ्याने दिलं. बाई पदर सावरत बसून होत्या. आशा पाणी प्यायला आत गेली तेव्हा त्या मागोमाग आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला सही करायला बोलावतात गं. वाचायला नाही."

परतताना आशाने ते कातरिनला सांगितलं. ती रस्त्यातच थांबली. तिचे डोळे भरून आले होते. "माणूस कुणाच्या मालकीचा नसतो, आशा," ती म्हणाली. "नवऱ्याच्या नाही, जातीच्या नाही, सरकारच्या पण नाही. माझ्या देशात या विचाराचा एक पक्ष आहे. लहान आहे. मी त्याच्यात जाणार."

आशाच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. हा विचार तिला नवा नव्हता. पण दूरदेशीची, आपल्याच वयाची एक मुलगी आपल्याच रस्त्यावर उभी राहून आपल्याच मनातलं बोलते, हे नवं होतं. त्या दिवसापासून कातरिन तिची मैत्रीण झाली.

वर्षभराने कातरिन गेली. बोलल्याप्रमाणे ती त्या उदारमतवादी पक्षात शिरली, आधी आपल्या लहानशा गावाच्या नगरसभेत निवडून आली. फोनवर म्हणायची, "मी इथे नगरसेविका आहे. वाचून सही करते." आणि दोघी हसायच्या.

नगरपरिषदेची आता महापालिका झाली होती. दोन हजार सातला तिची निवडणूक लागली. नवघरचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. कातरिनने तिकडून पिच्छाच पुरवला, "तू उभी राहा. तू नाही तर कोण?" एकाही पक्षाने आशाला विचारलं नव्हतं. ती अपक्ष उभी राहिली, निशाणी कपबशी. मुलगा निहार तेव्हा सात वर्षांचा होता, त्याला बोटाला धरून ती बिल्डिंगी-बिल्डिंगीतून फिरली. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने तिला जिन्यातच अडवलं. "भाभी, आप तो टीचर हो. ये सब आपका काम नहीं." दुसऱ्या एका घरी बाईंनी चहा पाजला, अर्धा तास ऐकून घेतलं आणि निघताना प्रेमाने म्हणाल्या, "तुम्ही किती छान बोलता हो! तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही."

आशाने ते वाक्य ऐकून घेतलं. अशी वाक्यं तिने शाळेपासून ऐकली होती. ती हसली आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.

डिपॉझिट जप्त झालं. एका बिल्डरची बायको निवडून आली. उदय काही बोलला नाही. त्या दिवशी त्याने स्वतः चहा करून तिच्या पुढ्यात ठेवला. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं आशाला वाटलं.

दोन वर्षांनी कातरिन युरोपच्या पार्लमेंटमध्ये निवडून आली. तोवर गमरे कुटुंब चाळ सोडून जवळच्याच इंद्रलोक वसाहतीत वन रूम किचनमध्ये आलं होतं. कातरिन पार्लमेंटच्या त्या गोल सभागृहातले फोटो पाठवायची. आशा ते बालवाडीच्या मदतनीस बाईंना, भाजीवाल्याला, रेशनच्या रांगेतल्या बायकांना दाखवायची. "ही आमच्याकडे राहायची. आमच्या मोरीत आंघोळ करायची." कुणाला खरं वाटायचं, कुणाला नाही. कातरिन तिथे कशावर बोलते हे आशा मुद्दाम विचारून घ्यायची. लोकांचे फोन सरकारने चोरून ऐकू नयेत यावर बोलली. सीमा उघड्या ठेवाव्यात यावर बोलली. निर्वासितांची होडी बुडाली तेव्हा ती बोलताना गहिवरली होती, तो व्हिडिओ आशाने भाषा कळत नसताना तीनदा पाहिला.

आशा पुन्हा उभी राहिली नाही, पण वॉर्डातली कामं तिच्याकडेच यायची. कुणाचं रेशन कार्ड, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाला जातीचा दाखला हवा. मतदानाच्या दिवशी सकाळी ती बिल्डिंगीतल्या बायकांना गोळा करून केंद्रावर न्यायची. "तुमचं मत तुमचं आहे, नवऱ्याला विचारायचं नाही," हे तिचं ठरलेलं बोलणं.

चौदा साली कातरिन हरली. त्या दिवशी तिने आशाला फोन केला तेव्हा तिला बोलवत नव्हतं. आशा म्हणाली, "अगं वेडे, माझं तर डिपॉझिट गेलं होतं. तुझ्याकडे डिपॉझिट घेतात का?" कातरिन रडता रडता हसली. पाच वर्षं ती गावी राहिली, पक्षाची लहानसहान कामं करत. एकोणीसला परत निवडून आली. ती परत आली तेव्हा आशाने बालवाडीत पेढे वाटले.

बावीस साली निहार इंजिनियर झाला आणि पुढे शिकायला जर्मनीला गेला. आशाच्या ओळखीतल्या आयांची पोरं गेली की त्या महिना महिना रडायच्या. आशा रडली नाही. "तिथे त्याची मावशी आहे," ती सगळ्यांना सांगायची. आणि होतीच. कातरिन स्वतः त्याला स्टेशनवर घ्यायला आली, तिने त्याला जाड कोट घेऊन दिला. नाताळात तो तिच्या घरी राहिला. व्हिडिओ कॉलवर केसरबाईंनी दोघांना शेजारी शेजारी बघितलं आणि कडाकडा बोटं मोडली.

बदल कधी झाला ते आशाला नेमकं सांगता आलं नसतं. पहिल्यांदा निहारच म्हणाला, "आई, इथे हवा बदलतेय. मावशीपण बदलतेय." आशाने त्याला गप्प केलं. मग एक दिवस तिने कातरिनचं नवं भाषण पाहिलं. आता खाली भाषांतर येत होतं. कातरिन तीच, चष्मा नवा, आवाज शांत. ज्यांना इथे राहायचा हक्क नाही त्यांना परत पाठवलं पाहिजे, आणि लवकर पाठवलं पाहिजे, असं ती सांगत होती. निर्वासितांना सीमेवरच अडवण्याच्या नव्या कायद्याला तिने हात वर केला होता.

आशाने रविवारी फोन लावला.

"हे तू बोललीस?"

"आशा, लोक घाबरलेत. आम्ही नाही बोललो तर ते दुसऱ्यांना मत देतात. ते दुसरे फार वाईट आहेत. मला हे थोडं बोलावं लागतं, म्हणजे बाकीचं वाचवता येतं."

"आणि निहार?"

"छे छे! हे निहारबद्दल नाही!" कातरिन मनापासून म्हणाली. "तो चांगला आहे. शिकलेला आहे. तो त्यांच्यासारखा नाही."

आशाने फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्या सोसायटीतल्या चहा पाजणाऱ्या बाई तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्याही मनापासूनच बोलल्या होत्या. "बरं," आशा म्हणाली. "थंडी आहे का तिकडे?" आणि मग दोघी हवेबद्दल बोलल्या.

हे तिने निहारला सांगितलं नाही. उलट चोवीस साली निवडणूक आली तेव्हा तीच त्याला म्हणाली, "मावशीला मदत कर. पत्रकं वाट, शनिवार-रविवार मोकळाच असतोस ना?" पक्षाने कातरिनचं नाव यादीत खाली ढकललं होतं, तिची जागा धोक्यात होती. निहार गेला. पहिल्या शनिवारी त्याने पक्षाचं जाकीट घातलेला फोटो पाठवला. मग फोटो आले नाहीत.

निकाल लागला. कातरिन हरली. तिचा फोन आला, पण आशा तेव्हा बालवाडीत होती. उलट लावायच्या आधी तिला निहारशी बोलायचं होतं, कारण तो तीन आठवडे मावशीचं नाव काढत नव्हता.

"मावशीकडे जाऊन आलास का? बिचारी हरली रे."

"नाही."

"का?"

तो टाळत राहिला. आशा हट्टाला पेटली. शेवटी त्याने सांगितलं, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

कातरिनच्या गावच्या बाजारचौकात पक्षाचं टेबल लागलं होतं. तो पत्रकं वाटत होता. एका म्हाताऱ्याने पत्रक घेतलं, निहारकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कातरिनला म्हणाला, "आता ही माणसं तुमच्यासाठी मतं मागणार का?" कातरिन त्या म्हाताऱ्याला ओळखत होती. ती हसली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "नाही हो. तो पाहुणा आहे. शिकून परत जाणार आहे." म्हातारा समाधानाने निघून गेला. मग ती निहारजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आज तू जरा मागे गाडीपाशी थांबतोस का? खोकी उतरव. इथे आम्ही बघतो."

"मग?" आशाने विचारलं.

"मग काय? खोकी उतरवली. जाकीट काढून सीटवर ठेवलं. स्टेशनला गेलो."

"तुला काही बोलली नाही ती? नंतर?"

"मेसेज आला होता. सॉरी म्हणून. आणि एक फूल." निहार थांबला. "आई, ती वाईट नाहीये गं. तेच तर आहे ना. वाईट असती तर बरं झालं असतं."

फोन ठेवल्यावर आशा बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवर दूध उतू गेलं. उदय धावत आला, बटण बंद केलं, तिच्याकडे पाहिलं. "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. कातरिन हरली."

त्यानंतर कातरिनचे फोन येत राहिले आणि आशाने ते वाजू दिले. मग मेसेज आले. तेही तिने उघडून वाचले, उत्तर दिलं नाही. काय लिहायचं तेच तिला कळत नव्हतं. शिव्या द्याव्यात असं काही नव्हतं आणि विसरावं असंही नव्हतं.

निहारचं शिक्षण संपलं. नोकरी मिळेना. तिथल्या गाड्यांचे कारखानेच माणसं काढत होते, याला कोण घेणार? तो गोदामात रात्रपाळीला पार्सलं उचलायला लागला. त्याची पाठ धरली. कातरिनला कुठून तरी कळलं. तिने त्याला लिहिलं, माझ्या ओळखीचा एक कारखानदार आहे, मी शब्द टाकते. निहारने नको म्हणून कळवलं.

आता मात्र आशाचा धीर सुटला. "घे की रे," ती फोनवर म्हणाली. "तिच्या एका शब्दाने होत असेल तर घे. मान काय चाटायचाय?"

"आई, हे तू बोलतेस?"

"हो, मी बोलतेय."

"ज्याच्या त्याच्या दारात उभं राहायचं नाही, हे मला कोणी शिकवलं?"

तिची तिलाच लाज वाटली, आणि लाज वाटूनही तिला वाटत राहिलं की त्याने ती नोकरी घ्यावी. या दोन्ही गोष्टी एकाच छातीत घेऊन ती रोज बालवाडीत जायची, पोरांना बडबडगीतं शिकवायची.

पंचवीसच्या दिवाळीआधी निहार परत आला. विमानतळावर तिने त्याला ओळखलंच नाही, एवढा तो खंगला होता. महिनाभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग त्याला मालाडला एका कॉल सेंटरमध्ये काम मिळालं. तिकडच्या जर्मन गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या. दुपारी जायचा, रात्री अकराला यायचा. तिथे त्याचं नाव निक होतं. "माझं जर्मन इतकं चांगलं आहे ना आई," तो एकदा जेवताना म्हणाला, "की त्यांना वाटतं मी त्यांच्यातलाच आहे. एक आजी तर म्हणाली, बरं झालं तुम्ही आपले निघालात, नाही तर हल्ली कुणीही परदेशी फोन उचलतं." एवढं बोलून त्याने वरण ओढलं आणि जेवत राहिला. उदयने मान खाली घातली.

महापालिकेत साडेतीन वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. जानेवारीत अखेर निवडणूक लागली. गल्लीतून भोंग्यांच्या रिक्षा फिरायला लागल्या, आणि त्याच आठवड्यात कातरिन आली. न कळवता. दार उघडलं तर समोर ती उभी. केस पांढरे झालेले, हातात मिठाईचा पुडा.

"जय भीम, आशा."

"ये," आशा म्हणाली.

केसरबाईंना आता नीट दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्यांनी ओळखलं. "माझी पोर आली गं!" त्या खाटेवरून उठायला लागल्या. कातरिन त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. केसरबाई तिच्या केसांतून हात फिरवत विचारत राहिल्या, "किती बारीक झालीस? तिकडे जेवायला घालत नाहीत का कोणी?" त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

निहार आतून आला. त्याची निघायची वेळ झाली होती. कातरिन उठून उभी राहिली आणि जर्मनमध्ये त्याच्याशी काहीतरी बोलली. निहारने मराठीतच उत्तर दिलं. "बसा मावशी. चहा घ्या. मला ड्युटी आहे." तिने पुन्हा जर्मनमध्ये विचारलं. "आई आहे ना, तिच्याशी बोला," तो म्हणाला आणि बूट घालून गेला. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाईपर्यंत दोघी ऐकत राहिल्या.

आशाने चहा टाकला. कातरिन ओट्याला टेकून उभी राहिली, पूर्वी चाळीत राहायची तशीच.

"त्या दिवशी मी घाबरले होते," ती म्हणाली. "मी हरणार हे मला माहीत होतं, आशा. सगळ्यांना माहीत होतं. त्या म्हाताऱ्याच्या मताने काही होणार नव्हतं. तरी घाबरले. का, ते मला अजून कळत नाही."

आशा चहा गाळत होती.

"तीस वर्षं मी एकच गोष्ट बोलले," कातरिन म्हणाली. "आणि एका मिनिटात..." तिला मराठी शब्द सापडेना. "आता मी एका संस्थेत सल्लागार आहे. कागद लिहिते. कोणी वाचत नाही. आमच्या पक्षाला आता कोणी विचारत नाही. आम्ही थोडं थोडं देत गेलो आणि शेवटी द्यायला काही उरलं नाही. तू मला शिवी दे. काहीतरी बोल."

आशाला खरोखर बोलायचं होतं. ती कप हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. समोर, बाजारात निहारला मागे लपवणारी बाई होती, आणि नगरसेविकेच्या घरून परतताना रस्त्यात रडणारी मुलगीही तीच होती. दोघींना वेगळं करता येईना.

"माझ्या पोराला तू पाहुणा म्हणालीस ते खरंच होतं," ती शेवटी म्हणाली. "तो पाहुणाच होता. मीच त्याला सांगितलं होतं की ते मावशीचं घर आहे. चूक माझी."

"असं नको बोलू."

"मग काय बोलू, तूच सांग."

दोघींनी चहा घेतला. खाली भोंगा आला, उमेदवार बाईंचं नाव ओरडत गेला. कातरिनने खिडकीतून वाकून पाहिलं. "कोण आहे ही?"

"त्या बिल्डरची सून," आशा म्हणाली.

संध्याकाळी कातरिन निघाली. केसरबाईंनी तिच्या ओटीत नारळ घातला. आशा तिला रिक्षापर्यंत सोडायला गेली. कातरिनने तिला मिठी मारली, आणि आशानेही तिच्या पाठीवर हात ठेवला, पण त्या हातात तिला काहीच वाटलं नाही. याचीच तिला नंतर सगळ्यात जास्त भीती वाटली.

मतदानाच्या दिवशी बिल्डिंगीखाली दहा-बारा बायका जमल्या. खालच्या मजल्यावरच्या स्वप्नालीने वर येऊन बेल वाजवली. "टीचर, चला ना. सगळ्या थांबल्यात."

"तुम्ही व्हा पुढे."

"तुम्ही नंतर येताय का?"

"बघते."

स्वप्नाली घुटमळली. "कोणाला द्यायचं, टीचर? या वेळी काहीच कळत नाहीये."

दर वेळी आशा अशा प्रश्नाला रागावायची, तुझं मत तुझं आहे म्हणायची. आज ती म्हणाली, "कुणालाही दे. काय फरक पडतो?"

स्वप्नाली तिच्याकडे बघत राहिली. मग जिना उतरली. उदय केसरबाईंना धरून मतदानाला घेऊन गेला, परत आला, तेव्हा आशा तांदूळ निवडत बसली होती. निहार आत झोपला होता. "साडेपाचपर्यंत आहे अजून," उदय म्हणाला. तिने मान हलवली, उठली नाही. साडेपाच वाजून गेले.

बिल्डरची सून निवडून आली. फटाके उशिरापर्यंत वाजत होते. दुसऱ्या दिवशी आशाच्या फोनवर कातरिनचा मेसेज होता, 'तुमच्या वॉर्डात कोण जिंकलं?' आशाने 'नेहमीचेच' एवढं लिहिलं आणि पाठवलं. त्याला उत्तर आलं नाही, आणि पुढे आशानेही काही लिहिलं नाही.